दातांच्या एक्स-रेमध्ये जबड्याची निरोगी रचना कशी ओळखावी

दातांचा एक्स-रे समोर आला की नवशिक्याची नजर आधी काळ्या डागावर जाते आणि काळा डाग म्हणजे कीड किंवा पू, अशी समजूत मनात घर करून बसलेली असते. प्रत्यक्षात जबड्यात मुळातच असलेली छिद्रे, नलिका, खळगे आणि हवेच्या पोकळ्या याही एक्स-रेवर काळ्याच दिसतात, आणि त्यांपैकी काही तर नेमक्या दाताच्या मुळाच्या टोकावर येऊन बसतात. अशी सावली चुकीची वाचली गेली तर पूर्ण निरोगी दातावर रूट कॅनालचा उपचार होतो, क्वचित तो दात काढलाही जातो, आणि ही हानी भरून निघत नाही. म्हणून आजार शोधण्याआधी चित्रातील प्रत्येक सावलीला तिचे नाव देता आले पाहिजे, आणि जिला नाव देता येत नाही तिच्याबद्दलच शंका घ्यावी, असा क्रम या लेखात धरला आहे. लेख मुख्यतः दंतवैद्यकाचे विद्यार्थी, नव्याने व्यवसायात उतरलेले दंतवैद्य आणि एक्स-रे तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. रुग्णांनी तो वाचावा, पण निदान केवळ चित्रावरून होत नाही. तोंडाची तपासणी करणारे दंतवैद्यच ते करू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

पाहण्याआधी

पहिले काम चित्राची दिशा निश्चित करण्याचे. फिल्मवर एका कोपऱ्यात उठावाचा लहान बिंदू असतो; त्याची फुगीर बाजू पाहणाऱ्याकडे ठेवली की आपण रुग्णाच्या समोर उभे राहून पाहत आहोत, असे चित्र मिळते. म्हणजे रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. डिजिटल चित्रात असा बिंदू पाहायची गरज पडत नाही, पण सेन्सरने चित्र घेताना दाताची नोंद चुकली असेल किंवा चित्र आडवे उलटवले गेले असेल तर बाजूंची अदलाबदल होते. त्यामुळे संगणकाने दाखवलेल्या क्रमांकावर विसंबून न राहता दातांचा आकार आणि आजूबाजूची हाडाची रचना यांवरून जागा स्वतः पडताळून घ्यावी. निरोगी खुणा ओळखता येण्याचा हा पहिला उपयोग आहे: सायनसची, म्हणजे वरच्या जबड्यातील हवेच्या पोकळीची, पांढरी रेषा दिसली तर चित्र वरच्या जबड्याचे, खालच्या जबड्यातील नलिका दिसली तर खालचे.

खोलीतील प्रकाश मंद करावा. फिल्म असेल तर व्ह्यू-बॉक्सवर तिच्या भोवतालचा उघडा प्रकाश काळ्या कागदाने झाकावा आणि भिंग हाताशी ठेवावे. डिजिटल चित्रात उजेड आणि कॉन्ट्रास्ट थोडा बदलून पाहायला हरकत नाही, मात्र मूळ चित्र एकदा तरी कोणताही बदल न करता पाहावे. कडा ठळक करणारे फिल्टर भरलेल्या दाताच्या फिलिंगभोवती खोटी काळी किनार उमटवतात आणि ती किनार फिलिंगखालच्या किडीसारखीच दिसते.

त्यानंतर चित्र वाचण्याच्या लायकीचे आहे का, हे ठरवावे. एक-दोन दातांच्या लहान चित्रात, म्हणजे आयओपीएमध्ये, ज्या दातासाठी चित्र काढले त्याच्या मुळाचे टोक आणि त्यापलीकडचे किमान २ ते ३ मिलिमीटर हाड दिसायला हवे. मुळे ताणून लांब किंवा दाबून आखूड झालेली दिसत असतील तर किरणांचा उभा कोन चुकलेला आहे, आणि अशा चित्रात हाडाची उंची किंवा सायनसपासूनचे अंतर यांवर कोणतेही मत देऊ नये.

पांढरे का दिसते आणि काळे का दिसते

किरणांना जो पदार्थ जास्त अडवतो तो चित्रात पांढरा, म्हणजे रेडिओपेक दिसतो, आणि जो सहज जाऊ देतो तो काळा, म्हणजे रेडिओल्युसंट. इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणात, वजनाने साधारण ९६ टक्के खनिज असते, म्हणून दाताच्या नैसर्गिक भागांत तेच सर्वांत पांढरे दिसते. त्याखालच्या डेंटिनच्या थरात हे प्रमाण सुमारे ७० टक्के असल्यामुळे तो करडा दिसतो. मुळावरचा सिमेंटमचा थर पातळ असतो आणि त्याची छटा डेंटिनच्या जवळची असते, त्यामुळे निरोगी दातात तो वेगळा ओळखता येत नाही; शोधत बसू नये. दाताच्या आतला गर, म्हणजे पल्प, मऊ ऊतींचा असल्यामुळे काळसर दिसतो. इनॅमल, डेंटिन आणि पल्प यांच्या सीमा स्पष्ट दिसत असतील तर चित्राचा कॉन्ट्रास्ट ठीक आहे, असे समजायला हरकत नाही.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. एक्स-रे चित्र सपाट असते, पण जबडा सपाट नसतो. ओठाच्या बाजूचे हाड, दात आणि जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूचे हाड हे सारे एकाच प्रतलात एकमेकांवर पडलेले असते. म्हणून 'मुळाच्या टोकावर काळी सावली आहे' या वाक्याचा अर्थ 'ती सावली मुळाच्या टोकाशी जोडलेली आहे' असा होत नाही. ती पुढे असू शकते, मागे असू शकते, आणि मुळाशी तिचा काहीही संबंध नसू शकतो. उलट बाजूनेही सावध राहावे: हाडातील खनिज साधारण ३० ते ५० टक्के कमी झाल्याशिवाय बदल चित्रात उमटत नाही, त्यामुळे सुरुवातीचा आजार असूनही चित्र निर्दोष दिसू शकते.

दातांच्या मानेजवळचा फसवा काळेपणाही याच कारणाने येतो. इनॅमल जिथे संपते आणि हाड जिथे सुरू होते त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात किरणांना अडवणारे कमी असते, म्हणून दाताच्या दोन्ही कडांना अस्पष्ट सीमांची काळी पाचर दिसते. त्याला सर्व्हायकल बर्नआउट म्हणतात. कीड असेल तर तिथली दाताची कड तुटलेली किंवा खाल्लेली दिसते. बर्नआउटमध्ये बारकाईने पाहिल्यास मुळाची कड अखंड सापडते, आणि कोन बदलून काढलेल्या चित्रात काळेपणा कमी होतो किंवा नाहीसा होतो.

प्रत्येक दाताभोवती पाहायचे ते तीन घटक

जबड्याच्या मोठ्या खुणांकडे वळण्यापूर्वी दात कोणताही असो, त्याभोवती नजर एकदा पूर्ण फिरवावी. मानेपासून सुरू करून एका बाजूने मुळाच्या टोकापर्यंत उतरावे, टोकाला वळसा घालावा आणि दुसऱ्या बाजूने परत वर यावे. या फेरीत तीन गोष्टी पाहायच्या असतात: लॅमिना ड्युरा, पेरिओडॉन्टल लिगामेंटची जागा आणि दोन दातांमधल्या हाडाचा माथा.

लॅमिना ड्युरा म्हणजे दाताच्या खोबणीला अस्तर करणाऱ्या घट्ट हाडाची पातळ पांढरी रेषा. ती मुळाभोवती सलग धावताना दिसली तर त्या मुळाच्या टोकाशी हाड खाणारा आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते. या एका रेषेला मी इतर सर्व खुणांपेक्षा अधिक वजन देतो. मात्र ती दिसणे आणि न दिसणे यांना सारखे महत्त्व नाही. किरण खोबणीच्या भिंतीला समांतर जातात तेव्हाच ही रेषा ठळक उमटते. ते तिरपे गेले तर निरोगी दातातही ती पुसट होते किंवा तुटल्यासारखी दिसते. म्हणून अखंड रेषा हा निरोगीपणाचा चांगला पुरावा आहे, पण पुसट रेषा हा एकट्याने आजाराचा पुरावा नाही. कधीकधी एकाच मुळाच्या एका बाजूला दोन समांतर पांढऱ्या रेषा दिसतात आणि गोंधळ उडतो. खालच्या दाढांचे पुढचे मूळ मध्ये खोलगट असते. त्याच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या कडा चित्रात थोड्या वेगळ्या ठिकाणी उमटतात आणि प्रत्येक कडेची स्वतःची लॅमिना ड्युरा दिसते. हे पूर्णतः नैसर्गिक आहे.

या पांढऱ्या रेषेच्या आणि मुळाच्या मध्ये जी बारीक काळी रेषा असते ती पेरिओडॉन्टल लिगामेंटची, म्हणजे दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंची, जागा. तिची रुंदी मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांइतकी असते; मुळाच्या मध्यभागी ती सर्वांत अरुंद आणि मानेजवळ व टोकाजवळ किंचित रुंद असते. टोकाजवळचा हा थोडासा रुंदपणा पाहून घाबरू नये. रुंदी शेजारच्या दातांशी आणि त्याच रुग्णाच्या दुसऱ्या बाजूच्या दाताशी ताडून पाहावी, कारण दोन रुग्णांची तुलना येथे उपयोगी पडत नाही.

दोन दातांमधल्या हाडाचा माथा इनॅमल संपते त्या पातळीपासून साधारण १ ते १.५ मिलिमीटर खाली असतो, आणि २ मिलिमीटरपर्यंतचे अंतर बहुतेक वेळा स्वाभाविकच धरले जाते. पुढच्या दातांमध्ये हा माथा टोकदार दिसतो आणि दाढांमध्ये सपाट. शेजारचे दोन दात वेगवेगळ्या उंचीवर असतील किंवा एक दात कललेला असेल तर माथाही तिरपा दिसतो. अशा वेळी दोन्ही दातांच्या इनॅमलच्या शेवटांना जोडणारी रेषा मनात आखावी. हाडाचा माथा तिला समांतर असेल तर तिरपेपणा निरोगी आहे. या मोजमापासाठी बाइटविंग चित्र, म्हणजे दात मिटून काढलेले वरखालच्या मुकुटांचे चित्र, आयओपीएपेक्षा अधिक विश्वासार्ह असते, कारण त्यात किरण दाताच्या अक्षाला जवळजवळ काटकोनात जातात.

याच फेरीत हाडाच्या आतील जाळी, म्हणजे ट्रॅबेक्युलांची रचनाही नजरेखालून जाते. वरच्या जबड्यात ही जाळी बारीक आणि दाट असते. खालच्या जबड्यात धागे जाड, संख्येने कमी आणि बरेचसे आडवे असतात, आणि दाढांच्या मुळांखाली ते इतके विरळ होतात की तो भाग मोकळा वाटावा. या विरळपणाला सहसा ठरावीक सीमा नसते. रचना हळूहळू बदलत जाते. दुसऱ्या बाजूचे चित्र काढलेले असेल तर तेथेही तसाच विरळपणा सापडतो.

वरचा जबडा, पुढून मागे

पुढच्या दोन पटाशीच्या दातांच्या मध्ये उभी बारीक काळी रेषा दिसते. ती जबड्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा होय. तिच्या कडा पांढऱ्या असतात आणि ती अस्थिभंगासारखी भासू शकते; पण अस्थिभंग इतका नेमका मध्यरेषेवर आणि इतक्या सरळ रेषेत येणे दुर्मीळच. याच परिसरात, पटाशीच्या दातांच्या मुळांच्या मध्ये किंवा किंचित वर, टाळूतील इन्सायझिव्ह फोरामेन (फोरामेन म्हणजे हाडातील छिद्र) गोल, अंडाकृती किंवा हृदयाच्या आकाराची काळी सावली म्हणून दिसते. किरणांचा कोन थोडा बदलला की ती एखाद्या मुळाच्या टोकावर सरकते आणि तेथे आजाराची शंका येते. फोरामेनची रुंदी १० मिलिमीटरच्या पुढे दिसली तर तेथे सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, असण्याची शंका घ्यावी; त्याहून लहान सावली बहुतेक वेळा स्वाभाविक असते, तरी ६ मिलिमीटरच्या वरची सावली दिसली तर ती नोंदवून ठेवणे आणि पुढे पुन्हा पाहणे, हा मला योग्य वाटणारा शिरस्ता आहे.

याच्या वर नाकाच्या पोकळीच्या दोन काळ्या सावल्या, त्यांच्या तळाची पांढरी रेषा, मधला नाकाचा पडदा आणि तळाशी मध्यभागी पुढे आलेल्या हाडाच्या काट्याची लहान पांढरी टोकदार सावली दिसते. नाकाच्या शेंड्याची सावली पटाशीच्या दातांच्या मुळांवर करड्या पडद्यासारखी पडते आणि तिच्या खालच्या सीमेमुळे मुळाचा एक भाग उजळ, दुसरा गडद दिसतो. ही सीमा दातांच्या बाहेर जाऊन गोलाकार वळते का ते पाहिले की ती ओळखू येते. बाजूच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर ओठाकडील हाडाला नैसर्गिक खळगा असतो. तेथे हाड पातळ असल्यामुळे पसरट, अस्पष्ट सीमांची काळी छटा येते, पण दाताची लॅमिना ड्युरा शाबूत राहते.

सुळ्याच्या मागे मॅक्सिलरी सायनसचा प्रदेश सुरू होतो, आणि वरच्या जबड्यातील बहुतेक चुका येथेच होतात. सायनस ही हवेची पोकळी असल्याने ती मोठी आणि काळी दिसते, तिला पातळ पांढऱ्या रेषेची किनार असते, आणि सुळ्याच्या वर सायनसची पुढची भिंत व नाकाचा तळ यांच्या रेषा एकमेकींना ओलांडून उलट्या वाय अक्षरासारखी आकृती करतात. ही आकृती सापडली की बाकी रेषांचा माग काढणे सोपे जाते. उपदाढा आणि दाढा यांच्या मुळांच्या मध्ये सायनसचा तळ खाली उतरलेला असतो आणि मुळे सायनसमध्ये शिरल्यासारखी दिसतात. बऱ्याच वेळा हा केवळ सावल्यांचा एकमेकींवर पडलेला थर असतो: मूळ सायनसच्या अलीकडे किंवा पलीकडे असते. जवळचा दात काढलेला असेल तर सायनस त्या रिकाम्या जागेत उतरतो आणि काही वर्षांनी हाडाच्या माथ्याच्या अगदी जवळ पोहोचतो.

सायनस आणि सिस्ट यांत फरक करण्यासाठी मी पुढील क्रमाने पाहतो. प्रथम पांढरी रेषा: सायनसची किनार पातळ आणि सर्वत्र सारखी ठळक नसते, तर सिस्टची बरेचदा अधिक गोलाकार आणि स्पष्ट असते. मग सायनसच्या भिंतीतील रक्तवाहिन्यांच्या नलिका: त्या बारीक, वळत जाणाऱ्या काळ्या रेषांच्या रूपात सायनसच्या पोकळीवर दिसतात, आणि त्या सापडल्या तर ती पोकळी सायनस आहे याचा मोठा आधार मिळतो. त्यानंतर सायनसमध्ये डोकावणाऱ्या मुळांची लॅमिना ड्युरा, आणि शेवटी दुसरी बाजू. दोन्ही बाजूंचे सायनस अगदी सारखे नसतात, तरी एका बाजूला तळ समान वळणाने जात असेल आणि दुसऱ्या बाजूला तो एकाच मुळाभोवती वर ढकलला गेलेला असेल तर तपासणी पुढे न्यावी.

पहिल्या दाढेच्या मुळांवर गालाच्या हाडाचा पाया यू अक्षराच्या आकाराची जाड पांढरी रेषा म्हणून उमटतो. ही गाठ नव्हे. खरी अडचण अशी की त्याच्या सावलीत दाढेची मुळे झाकली जातात आणि मुळाच्या टोकाचा आजारही त्यात लपतो. किरणांचा उभा कोन कमी करून, शक्यतो पॅरलल पद्धतीने (फिल्म दाताच्या अक्षाला समांतर ठेवून), चित्र पुन्हा काढले तर हा पांढरा पट्टा मुळांपासून वर सरकतो. अक्कलदाढेच्या मागे जबड्याचे गोलसर टोक, त्यामागे हॅम्युलस या हाडाच्या लहान टोकाची आकड्यासारखी सावली, आणि तोंड फार उघडलेले असेल तर खालच्या जबड्याच्या कोरोनॉइड प्रवर्धाचा त्रिकोण दिसतो. हा त्रिकोण दाताच्या मुळाचा राहिलेला तुकडा समजून शोधाशोध होते. तोंड थोडे कमी उघडून काढलेल्या चित्रात तो जागा बदलतो.

टाळूच्या मध्यभागी किंवा खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा असेल तर मुळांवर दाट पांढरी सावली पडते. येथे एक्स-रेपेक्षा बोट अधिक सांगते: तोंडात हात घालून उंचवटा चाचपावा. हाडाच्या आत एकसारखे पांढरे बेट असेल, दात सजीव असेल आणि तक्रार नसेल, तर ते बहुधा निरुपद्रवी असते.

खालचा जबडा

मध्यरेषेपाशी, पटाशीच्या दातांच्या मुळांच्या बऱ्याच खाली, पांढऱ्या कड्याच्या मध्ये काळा बिंदू दिसतो. कडे म्हणजे जिभेच्या स्नायूंना आधार देणारे हाडाचे उंचवटे आणि बिंदू म्हणजे लिंग्वल फोरामेन. त्याच्या वर, ओठाच्या बाजूला, हनुवटीच्या दोन तिरप्या पांढऱ्या रेषा मध्यरेषेकडे चढत जातात, आणि या रेषांच्या वर हाड पातळ असल्याने पटाशीच्या दातांच्या मुळांवर काळसर छटा येते. शेजारच्या सर्व पटाशीच्या दातांवर ती सारखी पसरलेली असते; एकाच दाताच्या टोकाशी थांबत नाही. याच भागात उभ्या बारीक काळ्या रेषाही दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नलिका असून पातळ हाडात विशेष उठून दिसतात.

आता मेंटल फोरामेन, ज्यामुळे खालच्या जबड्यात सर्वाधिक गैरसमज होतात. हे छिद्र गालाच्या बाजूला असते आणि बहुतेक वेळा दोन उपदाढांच्या मुळांच्या मध्ये किंवा दुसऱ्या उपदाढेच्या खाली दिसते. समजा, दुसऱ्या उपदाढेच्या मुळाच्या नेमक्या टोकावर ३ मिलिमीटरची गोल काळी सावली आहे, दातावर जुने मोठे फिलिंग आहे, आणि रुग्णाला त्या बाजूला अधूनमधून ठणका जाणवतो. चित्र, फिलिंग आणि तक्रार या तिन्ही गोष्टी एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवतात, आणि म्हणूनच येथे थांबून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम भिंगाखाली लॅमिना ड्युरा पाहावी. सावलीच्या आतून ती मुळाच्या टोकाभोवती सलग वळताना दिसत असेल, तर काळी सावली टोकाच्या पलीकडे किंवा अलीकडे आहे, टोकाशी जोडलेली नाही. मग दाताची सजीवता थंडाने आणि शक्य असेल तर विजेच्या चाचणीने तपासावी, आणि शेजारच्या निरोगी दाताशी प्रतिसाद ताडावा. तरीही शंका उरली तर दुसरे चित्र एक्स-रेची नळी आडवी सरकवून काढावे. सी. ए. क्लार्क यांनी १९१० मध्ये मांडलेला नियम येथे कामी येतो: नळी ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने जिभेकडची वस्तू दाताच्या तुलनेत सरकलेली दिसते, आणि गालाकडची वस्तू विरुद्ध दिशेने. मेंटल फोरामेन गालाकडे असल्यामुळे नळी पुढे नेली की छिद्राची सावली मुळाच्या टोकापासून मागे सरकते. मुळाच्या टोकाशी जोडलेला आजार मात्र टोकाला धरूनच राहतो. हाच नियम वरच्या इन्सायझिव्ह फोरामेनलाही लागू पडतो. ते टाळूकडे असल्यामुळे नळीच्या दिशेनेच सरकते. प्रत्येक जादा चित्राने रुग्णाला थोडा जादा किरणोत्सर्ग मिळतो हे खरे, पण सजीव दातावरचा निरर्थक रूट कॅनाल उपचार टाळण्यासाठी काढलेले एक चित्र मी पूर्णतः समर्थनीय मानतो.

मेंटल फोरामेनच्या मागे खालच्या जबड्याची मुख्य नलिका, म्हणजे मँडिब्युलर कॅनाल, दोन समांतर पातळ पांढऱ्या रेषांमधला काळा पट्टा म्हणून दिसते. मागच्या बाजूला ती अक्कलदाढेच्या मुळांच्या सर्वांत जवळ असते. वरची पांढरी रेषा ठिकठिकाणी पुसट असणे स्वाभाविक आहे. मात्र अक्कलदाढेच्या मुळावर नलिका ओलांडताना मूळ तेथे गडद होत असेल, पांढरी रेषा तेवढ्याच जागी तुटत असेल किंवा नलिका अचानक वळण घेत असेल, तर नस आणि मूळ यांचा निकटचा संबंध असण्याची शक्यता असते, आणि दात काढण्यापूर्वी सीबीसीटीचा, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनचा, विचार करावा.

दाढांच्या परिसरात दोन तिरप्या पांढऱ्या रेषा दिसतात. वरची, बाहेरची रेषा म्हणजे जबड्याच्या मागच्या उभ्या भागाची पुढील कड पुढे चालू राहिलेली असून ती बहुधा दाढांच्या मानेच्या पातळीने जाते. खालची, आतली रेषा मुळांच्या टोकांच्या पातळीवर तिरपी उतरते. आतल्या रेषेच्या खाली जिभेकडे हाडाला खळगा असतो ज्यात लाळेची ग्रंथी टेकते. तेथे हाड पातळ आणि जाळी विरळ असल्यामुळे दाढांच्या मुळांखाली पसरलेली काळसर सावली दिसते. वर पांढरी रेषा आणि खाली जबड्याची जाड कडा यांमध्ये असल्याने ती अधिकच गडद वाटते.

मुलांच्या चित्रात

वाढत्या वयातील जबड्यात दिसणाऱ्या काही गोष्टी प्रौढाच्या चित्रात दिसल्या असत्या तर चिंता वाटली असती. पक्का दात उगवून सुमारे ३ वर्षे होईपर्यंत मुळाचे टोक उघडे असते, आणि त्याभोवती पातळ पांढऱ्या किनारीची गोल काळी सावली असते. ती मूळ घडवणाऱ्या ऊतीची जागा आहे, पू नव्हे. हाडात असलेल्या दाताच्या मुकुटाभोवतीची काळी कडी सहसा २ ते ३ मिलिमीटर रुंद असते. ती ५ मिलिमीटरच्या पुढे गेली तर सिस्टची शंका घ्यावी. दुधाच्या दातांची मुळे आखूड, खाल्ल्यासारखी दिसणे हे त्यांच्या पडण्याच्या वाटचालीचाच भाग असते, पण ते खाली पक्का दात आहे की नाही हे पाहून ठरवावे. खनिज जमण्यापूर्वीचे दाताचे कोंब पांढऱ्या किनारीच्या गोल काळ्या पोकळ्यांसारखे दिसतात; जबड्याच्या दुसऱ्या बाजूची तशीच पोकळी शोधावी.

ओपीजी वाचताना

ओपीजी संपूर्ण जबडा एका पट्टीत दाखवते, पण बारकावा कमी देते. लॅमिना ड्युरासारख्या गोष्टी त्यात ठामपणे पाहता येत नाहीत. ओपीजीवर शंका आली तर त्या जागेचे आयओपीए काढणे, हीच योग्य पुढची पायरी. ओपीजीत विशेष त्रास देतात ती हवेची सावली आणि भूतप्रतिमा. रुग्णाने जीभ टाळूला लावली नसेल तर जीभ आणि टाळू यांच्यामधली हवा वरच्या दातांच्या मुळांवर आडवा काळा पट्टा टाकते आणि मुळांच्या टोकांना आजार असल्यासारखे भासते. घशातील हवेची काळी पट्टी जबड्याच्या कोनावरून तिरपी जाते आणि अस्थिभंगाचा भास होतो. पट्टी हाडाच्या सीमेबाहेरही पुढे चालू राहते का, हे पाहिल्यावर भ्रम दूर होतो, कारण अस्थिभंगाची रेषा हाडाच्या कडेशी संपते. एका कानातील दागिना काढायचा राहून गेला तर त्याची धूसर, मोठी झालेली प्रतिमा विरुद्ध बाजूला आणि अधिक उंचीवर उमटते. मानेचे मणके मध्यभागी पांढरा पडदा धरतात. त्यामागचे पटाशीचे दात ओपीजीवर वाचण्याचा हट्ट धरू नये.

नोंद कशी लिहावी

ओळखलेली निरोगी खूण नोंदीत येत नाही, आणि पुढे दुसरे दंतवैद्य तेच चित्र पाहून पुन्हा शंका घेतात. म्हणून संशयास्पद वाटलेली आणि तपासून निरोगी ठरलेली प्रत्येक सावली लिहून ठेवावी: दात क्रमांक, सावलीचा आकार व आकारमान, लॅमिना ड्युराची स्थिती, चाचणीचा निकाल, दुसऱ्या चित्रातील सरकण्याची दिशा आणि अखेरचे नाव. उदाहरणार्थ (३५ म्हणजे डावीकडची खालची दुसरी उपदाढ, ३४ तिच्या पुढची पहिली): '३५च्या मुळाच्या टोकाशी ३ मिलिमीटरची गोल काळी सावली, लॅमिना ड्युरा अखंड, थंडाला प्रतिसाद ३४सारखा, नळी पुढे सरकवून काढलेल्या दुसऱ्या चित्रात सावली मागे सरकली, मेंटल फोरामेन.' पुढच्या वेळी त्याच दातावर नवे चित्र निघाले की जुने आणि नवे शेजारी ठेवून सावलीचा आकार, सीमा आणि लॅमिना ड्युरा याच क्रमाने ताडून पाहावेत.